अर्धशक्ती : व्यायामाची मर्यादा

व्यवहारात ‘साहस’ हा गौरवाचा शब्द आहे. आयुर्वेदात मात्र तो व्याधिहेतूंमध्ये येतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात राजयक्ष्म्याची जी चार कारणे वर्णिली आहेत, त्यांतील पहिले साहस होय. दुर्बलाने बलवानाशी झुंजणे, न पेलणारे धनुष्य ओढणे, अतिभार वाहणे, पाण्यात फार दूरवर पोहणे, लांबचा पल्ला वेगाने तोडणे ही त्याची उदाहरणे. यांतील एकही कृती मुळात निषिद्ध नाही. स्वबलाचा विचार न करता ती केली म्हणजे उरःक्षत होऊन पुढील संप्राप्ती सुरू होते.

म्हणूनच व्यायामाची मात्रा ‘अर्धशक्ती’ सांगितली आहे. ती ओळखावी कशी? सुश्रुताचार्यांच्या मते हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागला, म्हणजेच तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बल खर्ची पडले. काख, कपाळ, नाक व सांधे यांच्या ठिकाणी घाम येणे आणि तोंडाला कोरड पडणे हीही लक्षणे परंपरेत सांगितली जातात. मोजमाप घड्याळात नसून श्वासात आहे, हे लक्षात घ्यावे.

आपल्या कबड्डीत हेच तत्त्व नियमरूपाने दिसते. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की चढाई संपली; मग अंगात कितीही बळ शिल्लक असो. तेथील सीमाही विचार करण्याजोगी आहे. दोन्ही बाजूंच्या १ मीटर रुंदीच्या राखीव पट्टीत स्पर्शापूर्वी पाऊल टाकणारा बाद होतो; परंतु झटापट सुरू होताच तीच पट्टी मैदानाचा भाग बनते. मर्यादा सर्वकाळ एकच नसते, अवस्थेनुसार ती बदलते. वैद्याला हे निराळे सांगावयास नको. शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे वाग्भटाचार्य म्हणतात. ग्रीष्मचर्येत तर ते व्यायाम वर्ज्यच सांगतात.

नागपुरात या वचनाचे महत्त्व विशेष. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि त्याच दिवसांत पोलीस भरतीची आस धरलेली खेड्यापाड्यांतील मुले-मुली मैदानावर धावत असतात. पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याची चाचणी असते. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले आणि त्यानंतर शासनाला अंतर कमी करावे लागले. अंतर घटले ते योग्यच झाले. पण तयारीची रीत बदलली असे दिसत नाही. पहाटे रिकाम्या पोटी चहा, दिवसभर खानावळीचे रुक्ष अन्न, रात्री जागून अभ्यास आणि त्यावर दोन वेळची धाव, असा क्रम चिकित्सालयात वारंवार ऐकू येतो. अर्धशक्तीचा उपदेशसुद्धा बलवान व स्निग्धभोजी व्यक्तींसाठी आहे. ज्याच्या ताटात तूप नाही, त्याची मात्रा आणखी खालची.

यावर असा आक्षेप येतो की, अर्ध्या शक्तीने धावणारा स्पर्धा जिंकणार कसा? आक्षेप रास्त आहे. अर्धशक्ती ही नित्याच्या सरावाची मात्रा आहे, स्पर्धेच्या दिवसाची नव्हे. शिवाय ती स्थिर नाही. सरावाने बल वाढते, तसे त्याचे अर्धही वाढते. दोन महिन्यांपूर्वी ज्या अंतराला तोंडाने श्वास घ्यावा लागत होता, तेच अंतर आज नाकाने श्वास घेत पार होत असेल, तर मात्रा वाढविण्यास हरकत नाही. स्पर्धेत पूर्ण जोर लावल्यानंतर मात्र विश्रांती, अभ्यंग व बृंहण आहार यांना तितकेच दिवस द्यावेत. याबाबत आपले प्रशिक्षक फारच उतावीळ असतात, असे म्हणावेसे वाटते.

चरकाचार्यांनी अतिव्यायामाच्या पंक्तीतच अतिहास्य, अतिभाषण, अतिचालणे, अतिमैथुन व अतिजागरण यांना बसविले आहे. सवय असली तरी ही अतिमात्रेत करू नयेत, असे ते बजावतात. तेव्हा अशा रुग्णाला केवळ ‘किती धावतोस?’ एवढेच न विचारता ‘किती झोपतोस?’ हेही विचारावे. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा त्वचा तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी व वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये, आणि काढा-चूर्णाचा विचार न करता त्यास तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे.