सुई, तेल आणि इंजिनाचे आयुष्य

विमानाच्या प्रतिकृतीत बसणाऱ्या लहानशा टू-स्ट्रोक ग्लो इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि साधारणतः १८ ते २० टक्के तेल यांचे मिश्रण हेच त्याचे इंधन व हेच वंगण.

खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही. आपल्या गुजरातेत मुबलक पिकणाऱ्या एरंडीचे तेल मात्र सहज विरघळते. इंजिन अतिशय तापले तरी एरंडेल धातूला धरून राहते. पिस्टनवर तपकिरी लेप चढतो, हा त्याचा दोष. कृत्रिम तेल स्वच्छ जळते, पण अतितप्त इंजिनात त्याचा थर लवकर तुटतो. म्हणून मी दोहोंचे मिश्रण पसंत करतो.

आता कार्बुरेटरची सुई. ती आत फिरवावी तसे इंधन घटते आणि फेरे वाढतात. कमाल गतीवर थांबण्याचा मोह येथेच होतो. परंतु इंधनाबरोबर तेलही घटलेले असते, हे विसरू नये. शिवाय उड्डाणात पंख्यावरील भार हलका होऊन गती आणखी वाढते. यास्तव सुई बाहेर फिरवून गती मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्यांनी उतरू द्यावी. नंतर विमान घट्ट धरून त्याचे नाक काही क्षण आकाशाकडे करावे. गती ढासळली, तर इंधन अपुरे आहे असे समजून सुई आणखी उघडावी. उड्डाणात विमानामागे धुराची फिकट रेघ दिसत राहिली, की वंगण पुरेसे पोहोचत आहे असे मी मानतो.