झाडं लावण्याआधी माती दुरुस्त करा: आम्लवर्षेने मेलेलं जंगल परत कसं येतं?

चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीच्या सीमेवर 'ओर माउंटन्स' ही डोंगररांग आहे. १९७०-८०च्या दशकांत जवळच्या वीज केंद्रांत जळणाऱ्या लिग्नाइट कोळशातून भरपूर सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला. त्या धुराने आणि आम्लवर्षेने इथली स्प्रूसची जंगलंच्या जंगलं वाळून गेली.

मग परत स्प्रूसच लावायचा ना? गोची इथेच आहे. आम्लामुळे मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं. उलट अॅल्युमिनियम विरघळून मोकळं होतं आणि मुळांना मारक ठरतं.

म्हणून आधी येतात 'पायोनियर' झाडं: बर्च, रोवन. काटक आणि भराभर वाढणारी. मुळाशी डोलोमाइट चुनखडीची पूड घातली की आम्लता उतरते, मॅग्नेशियमही मिळतं. मोठ्या भागांवर तर ही पूड विमानातून टाकली गेली. पुढे या झाडांचा पाला कुजतो, माती सुधारते आणि त्यांच्या आडोशाला बीच, फर, स्प्रूस तग धरतात.

पण मूळ बग धुरात होता! चेक वीज केंद्रांना १९९८ अखेरपर्यंत सल्फर रोखणं कायद्याने भाग पाडलं, म्हणून ही मेहनत टिकली.

पुढच्या वेळी वृक्षारोपणाची रील दिसली, तर कमेंटमध्ये एवढंच विचारा: माती तपासली का?