धातूंशी ओळख (लेखांक ६) : खड्याची अंगठी आणि चांदीचा स्वभाव

हिंगोली जिल्ह्यातलं पुसेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी सेवागिरी महाराजांचं, साताऱ्याकडचं पुसेगाव आठवतं. आपलं पुसेगाव सेनगाव तालुक्यातलं. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि चांदीची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी. कारण त्या काळी इथल्या बाजारात दोन रुपये चालत: इंग्रजांचा कलदार आणि निजामाचा हाली. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, त्यामुळे कलदारही या मुलखाला परका नव्हता. वाळे, तोडे, गोठ घडवायचे तर सोनाराकडे रुपयेच न्यायचे आणि ते आटवून दागिना करून घ्यायचा, ही जुनी रीत. मग रुपया कोणता, याला फार महत्त्व.

कलदार ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि शेकडा ९१.६७ चांदीचा. चारमिनारचं चित्र असलेला हाली ११.१८ ग्रॅमचा, पण चांदी शेकडा ८१.८. गुणाकार केला तर कलदारात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम निघते, हालीत ९.१४. म्हणजे सात हालींत जेवढी चांदी, जवळजवळ तेवढीच सहा कलदारांत. सरकारी दरही नेमका तोच होता: सात हालींना सहा कलदार. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा जुने रुपये लोकांनी घरात दडवले ते उगाच नव्हे.

रुपयातला उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा. गेल्या लेखांकात तांबं पाहिलं, आता ते चांदीत का मिसळतात ते पाहू. शुद्ध चांदी मऊ असते, इतकी की पातळ पट्टी बोटांनी वाकते. शेकडा साडेसात तांबं घातलं की तीच चांदी टणक होते. यालाच ९२५ची चांदी किंवा स्टर्लिंग म्हणतात. हालीच्या चांदीत तांबं दुपटीहून जास्त, त्यामुळे तिचे दागिने आणखी कणखर आणि रोजच्या कामाला टिकाऊ. पण तांबं वाढलं की रंग किंचित तांबूस होतो आणि घामाने बोटावर हिरवट डाग पडतो. तो डाग तांब्याच्या क्षारांचा, धुतला की जातो. ‘अंगठी अंगाला लागत नाही’ असं त्यावरून ठरवण्यात अर्थ नाही.

आता खड्याची अंगठी. सोनाराकडे मोती किंवा पुष्कराज घेऊन जाणारं गिऱ्हाईक पुष्कळदा सांगतं, ‘एकदम शुद्ध चांदीत बसवून द्या.’ ऐकायला छान, पण अंगठीसाठी हा चुकीचा आग्रह आहे. खडा धरून ठेवणारे काटे शुद्ध चांदीचे असले तर शर्टाच्या बाहीत अडकले तरी वर उचलले जातात, आणि एक काटा उचलला की खडा पडायला वेळ लागत नाही. बोटाभोवतीचं कडंही गोल राहत नाही. जाणता कारागीर म्हणून मधला रस्ता काढतो. कडं ९२५चं घ्यायचं आणि खड्याभोवतीची कोंदणाची पट्टी तेवढी अधिक शुद्ध, म्हणजे मऊ चांदीची घ्यायची. मऊ पट्टी खड्याच्या कडेवर दाबून बसवता येते, जोर कमी लागतो, खडा तडकत नाही. म्हणजे जो मऊपणा कड्याला नडतो, तोच कोंदणाला उपयोगी पडतो. शेतात, गोठ्यात, गिरणीत हात चालवणाऱ्याने काट्यांची अंगठी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चारी बाजूंनी बंद कोंदणच बरं.

अंगठी सैल-घट्ट करायला जाल तेव्हा चांदीचा आणखी एक गुण आडवा येतो. उष्णता आणि वीज वाहून नेण्यात साऱ्या धातूंत चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं तिसरं. डाख देताना सोन्याची अंगठी ज्योतीखाली एका जागी तापवता येते. चांदीत मात्र एका टोकाला दिलेली उष्णता झटक्यात दुसऱ्या टोकाला पोचते, म्हणून डाख वितळण्यासाठी अख्खी अंगठीच तापवावी लागते. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंशांच्या आसपास, ९२५ची त्याहून कमी तापमानाला, आणि डाख त्याहूनही आधी. तेवढ्या आचेत माणिक-नीलम कदाचित तग धरतील, मोती आणि पोवळं नक्की जातील. म्हणून खडा आधी काढायचा, काम करायचं, मग पुन्हा बसवायचा. त्याची मजुरी वेगळी पडते, आणि ती वाजवी आहे.

काळं पडण्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अंगातली उष्णता बाहेर आली, ग्रह आडवा आला, नजर लागली, असं काहीही सांगितलं जातं. कोरड्या स्वच्छ हवेतल्या ऑक्सिजनशी चांदीचं फारसं देणंघेणं नाही. तिचं वाकडं आहे गंधकाशी. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, घाम, अंडी, कांदा, रबर यांतून गंधक मिळालं की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. आपल्याकडे त्यात शेतीची भर. सोयाबीनला बेंटोनाइट गंधक टाकताना किंवा मिरचीवर भुरीसाठी गंधक मारताना बोटात चांदी असेल, तर संध्याकाळपर्यंत ती काळवंडते. आधी काढून ठेवावी, एवढाच उपाय. सुपर फॉस्फेटमध्येही गंधक असतं, पण ते सल्फेटच्या रूपात, त्याने चांदी काळी पडत नाही.

काळा थर काढायला घरोघरी राख आणि टूथपेस्ट वापरतात. दोन्ही घासून काढतात, म्हणजे दर वेळी थोडी चांदीही जाते. ॲल्युमिनियमचा कागद अंथरलेल्या भांड्यात गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून अंगठी त्या कागदाला टेकवून ठेवली, तर ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते. मात्र हा उपाय बिनखड्याच्या अंगठीलाच. मोती, पोवळं, फिरोजा असल्या पाण्यात बुडवू नयेत. मोती-पोवळं मुळात कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू-चिंचेनंही खराब होतात. ओल्या मऊ फडक्याने पुसणं पुरे.

मोत्याला चांदीच लागते, असं ज्योतिषाची परंपरा सांगते, चंद्राशी दोघांचं नातं जोडून. धातू बदलल्याने ग्रहाचं फळ बदलतं, याला विज्ञानात आधार नाही. चांदीचे आयन जंतू मारतात हे खरं, भाजलेल्या जखमेच्या मलमात सिल्व्हर सल्फाडायझिन असतं. म्हणून बोटातली अंगठी औषध ठरत नाही. पण दिसण्याचं म्हणाल तर परंपरेत तथ्य आहे. दृश्य प्रकाश परतवण्यात चांदीचा हात धरणारा धातू नाही. मोत्याचा आणि फिक्या खड्याचा रंग तिच्याशेजारी पिवळट दिसत नाही, उजळतो.

खडा महागच हवा असंही नाही. मराठवाड्याची जमीन बेसाल्टची, आणि त्याच्या पोकळ्यांत अकीक आणि गारेचे प्रकार तयार झालेले आहेत. पैठण, तेर, भोकरदनच्या उत्खननांत सातवाहन काळातले अकीकाचे मणी सापडले आहेत. अकीक चांगला कठीण असतो, धुळीने त्याला चरा पडत नाही. चांदीत तो शोभतो, आणि गंडवायचं म्हटलं तरी त्यात फार पैसे जात नाहीत.

घेताना सावध राहायचं ते धातूबाबत. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदीचा कणही नसतो, ते तांबं, निकेल आणि जस्त. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण चांदी चिकटत नाही तसं तांबंही चिकटत नाही. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्ल टाकतो, रेघ लालभडक झाली तर चांदी. त्याहून सोपं म्हणजे हॉलमार्क. चांदीला तो सक्तीचा नाही, पण १ सप्टेंबर २०२५पासून चांदीच्या दागिन्यांनाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक ऐच्छिक म्हणून मिळू लागला आहे. तो मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की शुद्धता समोर येते. आणि पावती घेताना खड्याचं वजन अंगठीच्या वजनातून वजा करून वेगळं लिहून घ्या, नाहीतर खड्याचेही पैसे चांदीच्या भावाने मोजाल.

(पुढील लेखांक : जस्त)