टाके सुकले, पण रक्त भरलं का?

तवंदी घाटात अपघात झाला की जखमीला कोल्हापूरला न्यायचं की बेळगावला, हे निपाणीकरांना क्षणात ठरवावं लागतं. पुढे टाके निघतात, डिस्चार्ज मिळतो. मग मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचं निघालं की कुणीतरी म्हणतं, गाडीत हाल कशाला, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं नेऊ. जरूर न्यावं. पण तिकीट काढण्याआधी रिपोर्टमधला हिमोग्लोबिनचा आकडा बघावा.

विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असावा तेवढाच ठेवतात. बेळगाव सुमारे 2,500 फुटांवर आहे, कळसूबाई 5,400. म्हणजे बसल्या जागी रुग्ण कळसूबाईच्याही वर पोचतो. धडधाकट माणसाचा ऑक्सिजन तिथं 90-93 टक्क्यांपर्यंत उतरला तरी त्याला सहसा जाणवत नाही.

रक्त गेलेल्याचं तसं नसतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन 14 असेल तर 100 मिलिलिटर रक्तात साधारण 18 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, 7 असेल तर त्याच्या निम्मा. कोविडपासून घरोघरी आलेला ऑक्सिमीटर नेमका इथं फसवतो. आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलंय एवढंच तो दाखवतो. मुळात आहे किती, हे त्याला कळत नाही. रुग्ण पांढराफटक, चार पायऱ्यांत धाप, आणि बोटावर 97! ही तूट हृदय जोरात धडधडून भरून काढत असतं. विमानात त्याच्यावर आणखी ताण येतो. म्हणूनच 7.5 च्या खालच्या हिमोग्लोबिनला डॉक्टरी तपासणीशिवाय प्रवास नको, असं मानतात.

रक्तातला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना मात्र कित्येक आठवडे लागतात. लिटरभर रक्ताबरोबर सुमारे 500 मिलिग्रॅम लोह जातं आणि जेवणातून रोज अंगी लागतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बरं वाटायला लागलं म्हणून लोहाच्या गोळ्या मध्येच बंद करणं त्यामुळेच महागात पडतं.

दुसरा धोका अडकलेल्या हवेचा. 8,000 फुटांवर ती समुद्रसपाटीच्या मानानं तिसऱ्या हिश्शानं फुगते. बरगडी मोडून छातीत किंवा मार लागून कवटीत हवा शिरली असेल, तर ती पूर्ण जिरेपर्यंत विमान टाळावंच लागतं.

विमान कंपन्यांचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो, ऑक्सिजनही आधी सांगून ठेवावा लागतो. त्याच भेटीत ताजं हिमोग्लोबिन करून घ्यावं आणि आकडा कमी आला तर रक्त चढवायचं, थांबायचं की मिरजमार्गे रेल्वेनं जायचं, हे विचारून घ्यावं.