पुरवणी बांधायची कशाला? (भाग १४)

पवनीहून कॉलेजातल्या एका मुलाचा फोन आला आणि त्याचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा निघाला. “सर, एक्स्पान्शन घेतलं तर मूळ गेम लागतेच का? काहीला लागते, काहीला नाही लागत. असं कसं?” एक्स्पान्शन म्हणजे मूळ खेळाला जोडून येणारा विस्तार.

मला माझी जुनी फजिती आठवली. नागपूरला सीताबर्डीवर ‘अपोझिंग फोर्स’ची सीडी घेतली, भंडाऱ्याहून एसटीनं अड्याळला आलो, लाइट येईपर्यंत वाट पाहिली आणि सीडी घातली. संगणकानं ‘हाफ-लाइफ’ मागितला. तो माझ्याकडे नव्हता. परीक्षेतल्या पुरवणीसारखंच हे. पुरवणीवर कितीही छान लिहा, मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं बांधली नाही तर एक मार्क मिळत नाही.

‘हाफ-लाइफ’ वॉल्व्हचा, १९९८चा. गिअरबॉक्सनं १९९९मध्ये त्यावर ‘अपोझिंग फोर्स’ काढला. त्यात नवे टप्पे, नवी शस्त्रं, नवे शत्रू होते, पण खेळ चालवणारं इंजिन मूळ खेळाचंच वापरायचं होतं. त्याच गिअरबॉक्सचा ‘ब्लू शिफ्ट’ २००१ साली आला आणि तो एकटा चालायचा. आधी बेत होता ड्रीमकास्ट या कन्सोलवरच्या ‘हाफ-लाइफ’ला तो जोडून द्यायचा. ती आवृत्ती रद्द झाली आणि हा भाग पीसीवर सुटा विकला गेला. इंजिन आणि लागेल ते जुनं सामान त्याच्याच सीडीत. ‘हाफ-लाइफ’मधलीच प्रयोगशाळा, तीच दुर्घटना, या वेळी आपण मात्र पहारेकरी बार्नी. खेळ छोटा होता, तरी माझ्या संगणकावर तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. मूळ ‘हाफ-लाइफ’ मी त्यानंतर खेळलो.

मग सगळंच सुटं का विकत नाहीत? २००० सालचा ‘कॉन्करर्स’ घ्या. त्यानं ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये ॲझ्टेक, माया, हूण, स्पॅनिश आणि कोरियन अशा ५ संस्कृती आणल्या. जुन्या १३ संस्कृतींशी त्यांची गाठ पडते तेव्हाच खरी रंगत येते. अशी भर मूळ खेळातच मुरायला हवी. ती सुटी काढली तर अर्धा खेळच हातात येईल.

मधली वाट २००६च्या ‘डार्क क्रुसेड’नं दाखवली. ‘डॉन ऑफ वॉर’चा हा विस्तार सुटा चालतो आणि एकट्यानं खेळायच्या मोहिमेत सातही फौजा मिळतात. इतरांशी लढताना मात्र टाउ आणि नेक्रॉन या नव्या दोनच फौजा हाती येतात. बाकीच्या पाच हव्या असतील तर आधीचे खेळ घ्यावे लागतात. नवख्याला दार उघडं राहिलं आणि जुन्या खेळाडूनं आधी मोजलेले पैसेही वाया गेले नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. विस्ताराला स्वतःचा नायक आणि स्वतःची गोष्ट असेल, तर तो सुटाच विकावा. आमच्यासारख्या गावांत खेळ क्रमानं कधी आलेच नाहीत. कुणाच्या हाती आधी तिसरा भाग लागला, कुणाच्या हाती नुसता विस्तार. अशा मुलाला पहिल्याच दिवशी खेळता आलं पाहिजे.

तोवर एक करा. पैसे देण्याआधी ‘मूळ खेळ आवश्यक’ अशा अर्थाची ओळ खोक्यावर किंवा दुकानाच्या पानावर शोधा. ती बारीक अक्षरात असते, पण असते.