जुन्या गाडीचं इंजिन धुताना

किनवट तालुक्यातल्या इस्लापूर भागात पावसाळ्यात गाडी फिरली की काळी माती इंजिनापर्यंत पोचते. तिथे झिरपलेल्या ऑइलमध्ये ती मिसळून घट्ट थर बसतो. जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर असेल तर हा थर काढायलाच हवा, कारण गळती कुठून होते ते त्याच्याखाली दिसत नाही आणि इंजिन जास्त तापतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर त्याला तडा जाऊ शकतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनामो किंवा अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. या गाड्यांत ठिणगी डिस्ट्रिब्युटरमधूनच प्लगकडे जाते. त्याच्या टोपीत ओल राहिली की गाडी सुरूच होत नाही.

पेट्रोलने इंजिन पुसण्याची सवय मात्र सोडाच. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग मराठवाड्याच्या उन्हाळ्याची काय कथा! पाण्यात मिसळणारं डिग्रीझर लावा, थोडा वेळ मुरू द्या, जुन्या ब्रशने खालून वर घासा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार फवारा नको, जुनी वायरिंग आणि सील तो सोसत नाहीत. साधा पाइप पुरे.

पिशव्या काढून डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसा, मगच बॅटरी जोडा. आणि ते तेलकट पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका.