सुई वेगळी, पुडी वेगळी! चिनी उपचाराला जाण्याआधी हे वाचा

चाळिशी ओलांडली की आपल्याकडं गुडघा, कंबर नाहीतर मान, एक तरी बोलायला लागतंच. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं, परत दुखणं आहेच. मग कुणीतरी सांगतं, चिनी उपचाराचा कॅम्प लागलाय, सुया टोचतात, जडीबुटीची पुडी देतात. जायला हरकत नाही. पण या दोन गोष्टी एक नाहीत.

सुयांचा उपचार म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते, तिच्यात औषध नसतं. चिनी वैद्य मानतात की अंगात ‘ची’ नावाची शक्ती ठराविक वाटांनी वाहते आणि ती अडली की दुखणं येतं. अशा वाटा शरीरात सापडलेल्या नाहीत. पण टोचण्यानं शरीर स्वतःच वेदना कमी करणारी द्रव्यं सोडतं. जुनाट गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखीत काहींना आराम पडतो. झिजलेला सांधा मात्र भरून येत नाही.

ही विद्या आपल्याकडं आली त्यात सोलापूरचाही धागा आहे. १९३८ मध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय बसूंनी पुढं चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात सुरू केलं. आता महाराष्ट्रात यासाठी कायदा आणि परिषद आहे, म्हणून नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. सुईचं नवं पाकीट तुमच्यासमोरच फोडायला लावा. वापरलेल्या सुईतून कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

आता पुडी. चिनी वनस्पतीत दम नाही असं नाही. तू यूयू या चिनी संशोधक बाईंनी जुन्या वैद्यकग्रंथाचा आधार घेऊन, आपल्या दवण्याच्या कुळातल्या झाडापासून मलेरियाचं औषध शोधलं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांनी झाडातला नेमका घटक वेगळा केला, तो तपासला. पुडीत कोण तपासतंय?

बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या औषधात एका चिनी मुळीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच मुळी गेली. शंभरावर लोकांची किडनी खराब झाली, त्यात बहुतेक बायका. पुढं काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. तेच विषारी आम्ल आपल्या रानातल्या ईश्वरीत, म्हणजे सापसणातही असतं. तेव्हा ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ हे खरं धरू नका.

दुसरा धोका भेसळीचा. बिननावाच्या पुडीनं दोन-तीन दिवसांत दुखणं पार गायब झालं, भूक वाढली, चेहरा सुजल्यागत गोल दिसायला लागला, साखर चढली, तर त्यात स्टेरॉईड असण्याची शंका घ्या. महिनोन्महिने घेतलेली अशी पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. ती घेऊनच डॉक्टरांकडं जा, दाखवा, ते सांगतील तशी कमी करा. क्रिएटिनिनची तपासणीही करायला सांगा, किडनीचं त्यातून कळतं.

आणि कॅम्पवाला म्हणाला ‘बीपी-शुगरच्या गोळ्या आता सोडा’, तर तिथूनच उठा.